नागपुरातल्या ग्रुप ॲडमिनांना खुलं पत्र: दुरुस्तीही फॉरवर्ड करा

नागपुरातल्या तमाम ग्रुप ॲडमिनांस,

सप्रेम नमस्कार.

कॉलनीचा ग्रुप, अपार्टमेंटचा ग्रुप, फुटाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांचा, दहावीच्या बॅचचा, भजनी मंडळाचा, आणि ज्यात सगळे मेहुणे एकमेकांवर रुसून बसलेले असतात तो घरचा. या सगळ्यांच्या ॲडमिन भाऊ-ताईंनो, हे पत्र तुम्हाला आहे. नाव कोणाचंच घेत नाही. घेतलं की त्या ग्रुपमधून माझी उचलबांगडी ठरलेली, आणि नळ कधी येणार नाहीत हे मला फक्त तिथूनच कळतं.

माझी नोकरी इथल्याच एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर गेली. बातमी लिहिण्यापेक्षा आलेली बातमी तपासण्यात आणि छाटण्यात जास्त. त्या सवयीमुळे असेल, पण तुमच्याकडे पाहिलं की मला जातभाई दिसतात. नेमणूकपत्र कोणी दिलं नसलं तरी या शहराचे संपादक आता तुम्ही आहात. पेपर दारात पडेपर्यंत त्यातली अर्धी बातमी तुमच्या ग्रुपवर शिळी झालेली असते. काय राहू द्यायचं, कोणाला "हा विषय इथं नको" म्हणायचं, कोणाला काढायचं, हे तुम्ही ठरवता. पूर्वी लोक संपादकांना पत्रं लिहायचे. आता पत्ता बदलला, एवढंच.

आधी एक आकडा: ५६. तुमच्या ग्रुपमध्ये शोधाच्या चौकटीत हा आकडा टाका आणि ३० मे २०२४ पर्यंत मागं जा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे तापलेले नऊ दिवस, चालू होता, कूलरसमोरून उठवत नव्हतं, आणि त्या दिवशी रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस दाखवलं. मोठ्या वाहिन्यांनी पट्ट्या चालवल्या. आमच्या ग्रुपवर तर जणू वर्ल्ड कप जिंकला. "नागपूर देशात नंबर वन", खाली आगीची चित्रं, त्याखाली अंगठे. कोणाला कशाचा अभिमान वाटेल सांगता येत नाही, राजेहो. मग मोटारींच्या डॅशबोर्डचे फोटो सुरू झाले, कोणाचा ४९, कोणाचा ५१. त्या गाडीचा तापमापक बंपरच्या मागं, तापलेल्या डांबरापासून हातभर उंचीवर बसवलेला असतो. तो हवेचं कमी आणि वर्धा रोडचं तापमान जास्त सांगतो.

डेस्कवर हा आकडा आला असता तर काय झालं असतं? निदान एका तरी म्हाताऱ्या उपसंपादकानं चष्मा वर केला असता. नागपूरचा आजवरचा उच्चांक ४७.९ अंश, २३ मे २०१३ चा. देशाचा उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, ५१ अंश, १९ मे २०१६. जगाचा अधिकृत उच्चांक अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, ५६.७ अंश, आणि तो १९१३ सालचा. म्हणजे आपलं रामदासपेठ जगाच्या विक्रमापासून एका अंशाहूनही कमी अंतरावर, आणि त्याच दिवशी याच जिल्ह्यातली दुसरी केंद्रं ४४ अंशांवर. एका शहराच्या दोन कोपऱ्यांत बारा अंशांचा फरक पडतो तेव्हा ती बातमी हवामानाची राहत नाही, यंत्राची होते.

आणि तसंच निघालं. केंद्राचा संवेदक (सेन्सर) बिघडला होता, ५६ हा आकडा बरोबर नाही, असं हवामान विभागानं सांगितलं. दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्रानं आदल्याच दिवशी ५२.९ दाखवलं होतं, तिथंही चौकशीत संवेदक तीन अंश जास्त दाखवत असल्याचं आढळलं. हवामान विभाग ज्यावर विसंबतो ती वेधशाळेतली पद्धत साधी आहे: पांढऱ्या रंगाची, फटीफटींची लाकडी पेटी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, दार उत्तरेकडे, म्हणजे तापमापकावर थेट ऊन पडत नाही. आत मोजली जाते ती सावलीतल्या हवेची उष्णता. आपण भर दुपारी सीताबर्डीच्या पुलावर उभे राहून जे सोसतो ते वेगळं, आणि ते जास्तच असतं, यात वाद नाही.

आता शोधाच्या चौकटीत पुन्हा जा. ५६ सापडला असेल. त्यानंतरच्या आठवड्यात "तो आकडा चुकीचा होता" हा मेसेज सापडतो का बघा. मी ज्या ग्रुपांत आहे त्यांतल्या एकातही सापडला नाही. परवा-परवापर्यंत लग्नाच्या पंगतीत एक गृहस्थ पाहुण्यांना सांगत होते, "आमच्याकडे छप्पन गेलं होतं ना दोन वर्षांआधी."

माझं तुमच्याशी भांडण आहे ते इथं. चुकीची बातमी येते याबद्दल नाही. ती येणारच. आमच्या पेपरातही यायची, आणि चूक पहिल्या पानावर अन् खुलासा सातव्या पानावर निविदा सूचनांच्या शेजारी, अशी आमची रीत होती. पण निविदांशेजारी का होईना, खुलासा छापावा लागायचा. नाही छापला तर माणूस वकिलाची नोटीस घेऊन यायचा. तुमच्याकडे ती सातव्या पानाची जागाच नाही.

तुमच्यापैकी काहींना कायद्याची भीती वाटते हे मला माहीत आहे. दर काही महिन्यांनी तुम्हीच तो मेसेज टाकता: "उद्यापासून सर्व कॉल रेकॉर्ड होणार, तीन टिक आल्या म्हणजे सरकारनं मेसेज बघितला, लाल झाल्या म्हणजे कारवाई सुरू, ॲडमिनला थेट अटक." अहो, दोन माणसांतला मेसेज मधे कोणाला वाचता येऊ नये अशी व्यवस्था व्हॉट्सॲपनं २०१६ मध्येच केली, आणि तिसरी टिक आजवर कोणाच्याही फोनवर उमटलेली नाही. ॲडमिनच्या अटकेचं म्हणाल तर निकाल आपल्याच गावचा आहे. सिव्हिल लाइन्समधल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १ मार्च २०२१ रोजी सांगितलं की सभासदानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही, जोवर दोघांचा हेतू एक होता किंवा आधीपासून संगनमत होतं असं दिसत नाही. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं होतं. न्यायालयाचं म्हणणं असं की ॲडमिनच्या हाती सभासद घेणं आणि काढणं एवढंच असतं, मजकूर पडण्याआधी तो अडवण्याची सोय त्याच्याकडे नसते.

म्हणजे कायद्यानं तुम्हाला मोकळं सोडलं. सरकारचं काय? २०२३ मध्ये केंद्रानं माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून, सरकारी कारभाराबद्दलची कोणती माहिती खोटी हे सरकारी कक्षच ठरवेल अशी तरतूद केली होती. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं फाटली, प्रकरण तिसऱ्याकडे गेलं, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती अतुल चांदूरकरांनी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. चांदूरकर साहेबांनी वकिली केली ती याच नागपूर खंडपीठात. निर्णय मला पटला. ज्याच्यावर टीका होते त्यानंच टीका खरी की खोटी ठरवायची, हे कोणत्याही पक्षाच्या सरकारच्या हाती देऊ नये. पण मग खरं-खोटं बघायचं कोणी? पोलिसांनी नाही, सरकारी कक्षानं नाही, व्हॉट्सॲप कंपनीनं तर नाहीच नाही. फिरून गाडी तुमच्या-माझ्याच दारात येते.

यावर बऱ्याच ॲडमिनांनी एक सोपा तोडगा काढला आहे. ग्रुपच्या वर्णनात लिहून टाकलं, "राजकीय व धार्मिक पोस्ट टाकू नये." वाचायला सभ्य वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्हाला पटणारं राजकारण "देशहित" म्हणून राहतं, न पटणारं "राजकीय" म्हणून निघतं. ही गोष्ट एका बाजूची नाही. मी ज्या ग्रुपांत आहे त्यांतले दोन एकमेकांचे कट्टर विरोधक आहेत आणि दोन्हींचा नियम शब्दाला शब्द तोच आहे.

शिवाय राजकारण बाहेर ठेवायचं म्हटलं तर आत उरतं काय? २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट घ्या. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरीचं तळं ओसंडलं, नाग नदी घराघरांत शिरली, माणसं गेली. अंबाझरी लेआउट आणि डागा लेआउटमधल्या लोकांनी फ्रिज तरंगताना पाहिले. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज होते. एक, "अंबाझरी फुटलं, सगळे गच्चीवर जा." ते फुटलं नव्हतं, सांडव्यावरून वाहत होतं. फुटणं आणि ओसंडणं यात सीताबर्डीपर्यंतच्या वस्तीच्या जिवाचा फरक आहे. तो खोटा मेसेज कोणीच अडवला नाही, कारण तो राजकीय नव्हता. दुसरा मेसेज एका सभासदानं दोन दिवसांनी टाकला. सांडव्यासमोर बांधकामाला परवानगी कशी मिळाली, नदीचं पात्र अरुंद कोणी केलं, असे त्याचे प्रश्न होते. तो मेसेज उडाला. वर ताकीद, "कृपया ग्रुपचा नियम पाळावा."

तोच प्रश्न पुढं उच्च न्यायालयात गेला. सांडव्याजवळचं विवेकानंद स्मारक पाण्याच्या वाटेत येतं का, यावर नागपूर खंडपीठात तारखा पडल्या. न्यायमूर्तींसमोर चालतो तो प्रश्न कॉलनीच्या ग्रुपवर चालत नाही. आणि लक्षात घ्या, महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली होती. प्रशासक बसला होता. नगरसेवक असता तर लोकांनी त्याच्या घरी जाऊन त्याचा चहा पीत त्याला चार शब्द सुनावले असते. तोही नव्हता. बोलायला उरला होता फक्त तुमचा ग्रुप.

बोलू नये असा काळ असतो, हे मला मान्य आहे. १७ मार्च २०२५ ची संध्याकाळ विसरता येत नाही. औरंगजेबाच्या कबरीवरून महाल भागात आंदोलन झालं, प्रतीकात्मक कबर जाळली गेली. तिच्यावरच्या कापडावर धार्मिक मजकूर होता अशी अफवा पसरवली गेली, असं मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी विधानसभेत सांगितलं. अंधार पडता पडता महाल आणि हंसापुरीत दगडफेक आणि जाळपोळ. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, ती सगळीकडून उठायला २३ मार्च उजाडला. एका जखमीचा नंतर मृत्यू झाला. दोष कोणाचा, किती, हे न्यायालय बघेल. मी फक्त ग्रुपांचं बोलतो. त्या रात्री कोणत्या गल्लीतला आणि कोणत्या वर्षीचा याचा पत्ता नसलेला प्रत्येक व्हिडिओ "आत्ताचा, महालचा" म्हणून फिरत होता.

त्याच रात्री महालाकडच्या एका ग्रुपवर ॲडमिन ताईंनी जे केलं ते मी माझ्या नोकरीतही कमी वेळा पाहिलं. त्यांनी ग्रुप बंद केला, फक्त ॲडमिन लिहू शकेल असा. वर एकच मेसेज ठेवला: कोणता रस्ता पोलिसांनी अडवला आहे, कोणतं औषधाचं दुकान मागच्या दारानं देतं आहे, आणि डायलिसिसला जाणाऱ्यांनी कोणाला फोन करायचा. प्रत्येक ओळीपुढं वेळ घातलेली आणि "मी स्वतः विचारलं" किंवा "अमक्यांनी सांगितलं, खात्री नाही" असं लिहिलेलं. चूक निघाली की जुनी ओळ पुसत नव्हत्या. खाली नवीन लिहीत होत्या, "९.४० ची माहिती चुकीची होती, तो रस्ता सुरू आहे." संचारबंदी उठल्यावर ग्रुप पुन्हा सगळ्यांना खुला. पुढं चार दिवस लोक तिथं भांडले, आणि त्यांनी भांडू दिलं.

कडेकोट बंद ग्रुप हा त्या एका रात्रीचा उपाय होता. काही ॲडमिनांनी मात्र तेव्हा लावलेलं कुलूप अजून काढलेलं नाही. सकाळी एक सुप्रभात, संध्याकाळी एक सुविचार, मधे कोणाचा वाढदिवस. त्यांना शांतता आवडू लागली आहे.

अफवेनं काय होतं याचं सगळ्यात काळं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. पोट भरण्यासाठी गावोगाव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचहून जास्त ठिकाणी फॉरवर्ड करणं थांबवलं. मेसेजवर दुहेरी बाण दिसतो आणि "अनेकदा फॉरवर्ड केलेला" असं येतं, त्याचं मूळ या काळातलं आहे. आपल्याकडे त्या दुहेरी बाणाचा अर्थ "एवढ्या लोकांनी पाठवला म्हणजे खराच असणार" असा लावला जातो, हे कंपनीला स्वप्नातही सुचलं नसेल.

आता जरा हलकं. विज्ञानाच्या नावानं जे येतं त्याचं काय करायचं? माझा सगळ्यात लाडका मेसेज म्हणजे अल्फेलियन. मूळ शब्द ॲफेलियन, म्हणजे पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते ती वेळ, पण ग्रुपवर त्याचं बारसं अल्फेलियन असंच झालं आहे. "उद्या पहाटे ५.२७ पासून पृथ्वी सूर्यापासून दूर जाणार. नेहमीचं अंतर ५ प्रकाश-मिनिटं म्हणजे ९ कोटी किलोमीटर, आता १५.२ कोटी होणार, ६६ टक्के जास्त. २२ ऑगस्टपर्यंत थंडी, अंगदुखी, सर्दी-खोकला. सर्वांनी काळजी घ्या." हा मेसेज रचणारा माणूस हुशार आहे. प्रकाश पाच मिनिटांत नऊ कोटी किलोमीटर जातो हे गणित अगदी बरोबर आहे. फक्त सूर्य तिथं नसतो. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास लागतात. खरं अंतर जानेवारीच्या सुरुवातीला सगळ्यात कमी, १४.७ कोटी किलोमीटर, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त, १५.२ कोटी. फरक साडेतीन टक्क्यांच्या आतला.

आणि हे तपासायला दुर्बीण लागत नाही. सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो तेव्हा नागपुरात आपण स्वेटर घालून हुरडा खात असतो. अंतरावर ऋतू ठरत असते तर जानेवारीत नवतपा आला असता. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे, आणि तो कल तुम्हाला स्वतःच्या अंगणात दाखवता येतो. २६ मेच्या सुमारास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पाण्याची बाटली सपाट जागी उभी ठेवा, सावली गायब. शून्य सावलीचा दिवस. ॲडमिन भाऊ, या बाटलीचा फोटो ग्रुपवर मागवा. पोराटोरांना घेऊन लोक उन्हात पाच मिनिटं उभे राहतील, आणि तो मेसेज खोटा असूच शकणार नाही, कारण त्यांनीच काढलेला असेल. रात्री साडेबारानंतर कॉस्मिक किरण येणार म्हणून मोबाईल दूर ठेवा, असा दुसरा एक नेहमीचा येतो. मोबाईल दूर ठेवायला माझी हरकत नाही, कारण मात्र बरं द्या.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे गाव काही साधं नाही. पर्यावरणावर काम करणारी नीरी इथं १९५८ पासून आहे. कापूस संशोधन संस्था १९७६ पासून. सोनेगावला हवामान विभागाचं प्रादेशिक केंद्र, मेडिकल, एम्स, संत्र्यावर संशोधन करणारी संस्था, मातीचा अभ्यास करणारी संस्था, १९९२ पासून रमण विज्ञान केंद्र. ज्या माणसाला त्यातलं कळतं तो बहुतेक तुमच्याच ग्रुपमध्ये आहे. निवृत्त होऊन तिसऱ्या माळ्यावर राहतो. तो काही बोलत नाही, कारण मागं एकदा त्यानं लिहिलं होतं, "हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही," आणि त्याला उत्तर मिळालं होतं, "काका, निगेटिव्ह बोलू नका." मला एका ग्रुपनं "हे कोणी सांगितलं?" एवढं विचारल्यावर काढलं होतं. तिथं घरगुती लोणच्याच्या ऑर्डरी घेतल्या जायच्या, म्हणून थोडं वाईट वाटलं.

कधीकधी मात्र फॉरवर्ड करणं हेच खरं काम असतं. ऑक्टोबर २०२५ आठवा. छिंदवाड्याकडची लहान लेकरं किडनी निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत आणली जात होती, आणि त्यातली अनेक वाचली नाहीत. कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, तामिळनाडूच्या तपासणीत ४८.६ टक्के. मर्यादा ०.१ टक्का. बॅच एसआर-१३. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानंही त्या बॅचबद्दल इशारा दिला. इथं एकेक तास मोलाचा होता. छिंदवाडा आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरवर, सोयरसंबंध तिकडचे, औषधाची बाटली बॅगेतून कोणाकडेही आलेली असू शकते.

आमच्या ग्रुपवर आला तो मेसेज असा: "सगळी खोकल्याची औषधं विषारी, लगेच फेकून द्या, मुलांचे जीव चालले आहेत." औषधाचं नाव नाही, बॅच नाही, तारीख नाही, सांगणारा कोण ते नाही. म्हणजे ज्याच्या घरात ती बाटली होती त्यालाही कळणार नाही, आणि ज्याच्या घरात दुसरं साधं औषध होतं तो उगाच घाबरणार. दुसऱ्या माळ्यावरच्या एका आईनं, तिचं लेकरू तीन वर्षांचं, बाटलीचा फोटो टाकून विचारलं, "हे चालेल का?" तिला सतरा हात जोडलेले आले, उत्तर आलं नाही. संध्याकाळी औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका पोरानं चार ओळी लिहिल्या: औषधाचं नाव, बॅच, लेबलवर ती कुठं छापलेली असते, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची औषधं देऊच नयेत, पाच वर्षांखालच्यांनाही सहसा देऊ नयेत असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ३ ऑक्टोबरला सांगितलं आहे, तेव्हा डॉक्टरला विचारा. त्या चार ओळी मी जपून ठेवल्या आहेत. बातमी म्हणून त्यांत काहीच कमी नाही. पहिला मेसेज मात्र आमच्या ग्रुपवरून पुढं कितीतरी गेला, आणि या चार ओळी तिथंच राहिल्या.

बर्ड फ्लूचं तर थोडक्यातच सांगतो. डिसेंबर २०२४ च्या शेवटी गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच५एन१ असल्याचं कळवलं. बातमी खरी आणि गंभीर. ग्रुपवर तिचं झालं, "चिकन खाल्ल्यानं वाघ मेले, तुम्ही पण मराल." हा विषाणू ७० अंशांवर शिजवलेल्या मांसात टिकत नाही. सावजीच्या रश्श्यात जर तो जिवंत राहिला, तर त्याचा जाहीर सत्कार करावा लागेल.

तर माझं मागणं एकच आहे आणि त्यासाठी तुम्हाला कोणावर दादागिरी करावी लागणार नाही. ज्यानं चुकीची बातमी टाकली त्यानंच, त्याच ग्रुपवर, दुरुस्ती टाकायची. हा नियम वर्णनात लिहा, "राजकीय पोस्ट टाकू नये" खोडून त्या जागी. दुरुस्ती टाकणाऱ्याला कोणी हसायचं नाही. हे तुम्ही बघायचं, आणि हसणाऱ्याला तुम्ही टोकायचं. महत्त्वाची दुरुस्ती असेल तर वर पिन करा, पिन तुमच्या हातात आहे.

२०२१ चा तो निकाल आला तेव्हा तुमच्याकडे नसलेली एक गोष्ट आता आहे. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपनं ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याची सोय दिली. ती जपून वापरा, असं माझं मत. पुसल्यानं ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातून तो जात नाही, उलट "खरं होतं म्हणून काढलं" असं वाढतं. चुकीच्या मेसेजखाली दुरुस्ती लिहिलेली बरी, दोन्ही शेजारी शेजारी दिसू द्या. मारा-झोडा म्हणणारा मजकूर, प्रेतांचे फोटो, अत्याचार झालेल्या मुलीची ओळख, हे मात्र बघताक्षणी पुसायचं. तिथं चर्चा नको.

आणि भांडू द्या. सिमेंट रोडवर, पाण्याच्या बिलावर, मेट्रोवर, कोणाच्या सरकारनं काय केलं यावर लोकांना वर्तमानपत्र समोर ठेवून भांडू द्या. नागपूरकर तर्री-पोह्याच्या ठेल्यावर हे रोज करतो आणि शेवटी बिल कोण देणार यावर जास्त भांडतो. भांडताना तारीख, ठिकाण आणि सांगणाऱ्याचं नाव मागायची सवय लागली तर अर्धी भांडणं पाच मिनिटांत मिटतील. उरलेली अर्धी मिटायची गरज नाही.

आपला,
ग्रुप म्यूट करूनही सगळे मेसेज वाचणारा एक सभासद

ता. क. येत्या जुलैत अल्फेलियन येईलच. तो आला की वरचा हुरड्याचा परिच्छेद कापून खाली चिकटवा. माझं नाव टाकायची गरज नाही, आणि लोणच्याच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. तिथं मी बायकोच्या नंबरवरून परत शिरलो आहे.